रामलिंगचा पिच्चर

रामलिंग स्टेजवर नुसता आला आणि तोंड न उघडता स्वतःच्या धोतराचा सोगा शोधू लागला, की येळंबीची माणसं हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडायची. ही भूकंपाच्या आधीची गोष्ट. गणपतीत दरवर्षी मंडळाचं नाटक व्हायचं आणि नाटक कुठलंही असलं तरी त्यात रामलिंगचं एक सोंग घुसवलेलं असायचं. सिंधु रामलिंगशी लग्न होऊन आली तेव्हा नव्या नवरीनं असं खदाखदा हसू नये म्हणून सासूनं, नागुबाईनं, तिला कोपरखळी मारली होती. आणि मग सासूच पदर तोंडात कोंबून हसत बसली होती.

भूकंपानं त्या घरातली दोन माणसं नेली. एक नागुबाई. दुसरी तिच्याच नावाची नात, चार वर्षांची. तिला सगळे नागू म्हणायचे. थोरली लेक वर्षाराणी मामाबरोबर लोह्याला गेली होती म्हणून वाचली. त्यानंतर दोन वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये काढली, मग सरकारनं दोन मैलांवर नवं गाव बांधून दिलं. सगळी घरं एकसारखी, सगळ्या गल्ल्या सरळ. सुरुवातीला माणसं बाजारातून येऊन दुसऱ्याच्याच घरात पिशवी ठेवायची. दुसऱ्या कुणाच्या गावात असं झालं असतं तर रामलिंगनं त्याचं सोंग काढून सहा महिने गाव हसवलं असतं. पण त्यानं सोंग काढणं सोडलं होतं. शेतात जायचा, यायचा, जेवला का विचारलं की मान हलवायचा. सिंधुला वाटायचं, तिसरं माणूसही तिथंच राहिलं, फक्त त्याचं प्रेत सापडलं नाही.

जुन्या गावात ती एकदाही गेली नाही. शेताची वाट त्याच अंगानं जायची, तर ती बांधाबांधानं वळसा घालून जायची.

भूकंपाला अकरावं वर्ष लागलं त्या हिवाळ्यात पुण्याहून सिनेमावाले आले. राघवेंद्र नावाचा चष्मेवाला तरुण दिग्दर्शक होता. बोलायला गोड, वयस्कांच्या पाया पडणारा. त्याला जुनं गाव पाहिजे होतं. पडकी घरं, अर्ध्या भिंती, बाभळीतून डोकावणाऱ्या चौकटी. "असा सेट लावायचा म्हटलं तर लाखो रुपये जातील," असं तो आपल्या माणसाला म्हणाला, ते दोघातिघांनी ऐकलं. पण गावाच्या बैठकीत तो वेगळं बोलला.

"तुमच्याच गावाची गोष्ट समजा," तो म्हणाला. "विनोदी सिनेमा आहे. पण हसता हसता डोळ्यांत पाणी येईल. माणूस पडतो आणि पुन्हा उभा राहतो, असं सांगायचंय."

आप्पासाहेब हे गावातलं मोठं माणूस. भूकंपात त्यांचे दोन भाऊ गेले होते. ते बराच वेळ काठीवर हनुवटी टेकवून बसले. मग म्हणाले, "रडून झालं बापू. आता कुनी हसवाय आलं तर न्हाई कशाला म्हनायचं?"

त्याच बैठकीत ते घडलं. राघवेंद्रनं विचारलं, भूकंपानंतर सरकारी माणसं कशी आली, कशी बोलली? कुणी काही सांगेना. तेव्हा मागं भिंतीला टेकून बसलेला रामलिंग एकदम उठला. पंचनामा करायला एक कारकून आला होता. बिचारा सवयीचा गुलाम. पडलेल्या घराच्या ढिगासमोर उभा राहून, जिथं दार होतं तिथल्या हवेवर टकटक करून विचारायचा, "आत येऊ का?" रामलिंगनं त्याची ती वाकलेली मान, काखेतली फाईल, हवेवरची टकटक, सगळं केलं. क्षणभर कुणालाच कळलं नाही काय होतंय. आणि मग बैठक हसून फुटली. आप्पासाहेबांची काठी पडली. बायकांमध्ये बसलेली सिंधु हसली आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं की दहा वर्षांत आपण हा माणूस बघितलाच नव्हता.

राघवेंद्रनं तिथंच त्याला सिनेमात घेतला. सासरेबुवांचं काम. हिरोचा बहिरा, झोपाळू सासरा.

शूटिंग अकरा दिवस चाललं. रामलिंग सकाळी न्हाऊन, केसाला तेल लावून जायचा. संध्याकाळी कानामागं पावडर तशीच घेऊन यायचा. जेवताना सांगायचा, हिरोला बैलाची भीती कशी वाटते, हिरोइनीला बाभळीचा काटा कसा लागला. घरात पुन्हा आवाज आला. सिंधुनं अकरा दिवस रोज काहीतरी गोडधोड केलं. मात्र शूटिंग बघायला बाकीच्या बाया गेल्या तशी ती गेली नाही. रामलिंगही चल म्हणाला नाही.

नवव्या दिवशी तो जरा लवकर आला. हौदावर बसून बराच वेळ डोकं धूत राहिला. धूळ निघता निघेना. जेवला नाही.

"काय झालं वो?"

"काय न्हाई. थकलाव."

दुसऱ्या दिवशी पुन्हा नीट होता, म्हणून सिंधुनं ते मनावर घेतलं नाही.

सिनेमा यायला पुढचा पावसाळा उजाडला. नाव होतं 'डुलकीपूरचा जावई'. तोवर वर्षाराणी लातुरात बारावी सायन्सला होती. एका खोलीत चार मुली, सकाळी सहाला पहिला क्लास, रात्री मेसचा डबा, आणि भिंतीवर सीईटीला किती दिवस उरले त्याचा आकडा. बाकीच्या मुलींचे वडील प्राध्यापक, डॉक्टर, तहसील कचेरीतले. उर्वी तर नांदेडच्या एका वकिलाची. त्यांच्यात वर्षाराणी आपण भूकंपग्रस्त कोट्यातली आहोत हेही हळू आवाजात सांगायची. आता तिच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी होतं. "माझे बाबा पिच्चरमध्ये आहेत," तिनं सगळ्या होस्टेलला सांगून टाकलं. ते फिजिक्सच्या उद्धव सरांपर्यंत गेलं. सरांनी तीनशे पोरांसमोर विचारलं, "मग काय, आता आम्हांला पास मिळणार का?"

शुक्रवारी सिनेमा लागला. रविवारी दुपारच्या खेळाला येळंबीच्या दोन जीपा भरून निघाल्या. आप्पासाहेबांनी पांढरं धुवट धोतर नेसलं होतं. बायांनी ठेवणीतली लुगडी काढली. रामलिंगला मधल्या सीटवर बसवलं, त्याच्या एका बाजूला सिंधु. वाटेत कुणी विचारलं, "रामलिंग, शेवटी तू मरतूस का जगतूस, तेवडं सांग की!" तर तो नुसता हसला.

टॉकीजवर मोठं पोस्टर होतं. हिरो मधोमध, त्याच्या काखेत हिरोईन. रामलिंगला शोधायला वेळ लागला. तो खाली कोपऱ्यात होता. अंगठ्याच्या नखाएवढा, हिरोच्या बुटाजवळ. तरी माणसं त्या कोपऱ्याला हात लावून लावून बघत होती.

रविवारी बाराला सगळ्या क्लासच्या साप्ताहिक टेस्ट सुटतात. तीन तास डोकं पिळवटून निघालेली पोरं कुठंतरी ओरडायला जागा शोधत असतात. त्या दिवशी ती सगळी या टॉकीजमध्ये घुसली. पुढचे सगळे बाक त्यांनी भरले. मागं येळंबी बसली. वर्षाराणी उर्वीला घेऊन आली आणि आईच्या शेजारी बसली. तिनं नवा ड्रेस घातला होता.

सिनेमा सुरू झाला. हिरो केळीच्या सालीवरून घसरला. येळंबीनं हसून घेतलं. तो पुन्हा घसरला. येळंबी पुन्हा हसली, पण जरा कमी. मग एक बोबडं बोलणारा आला, एक जाडी बाई आली आणि बाज मोडली, हिरोनं साडी नेसली. अर्ध्या तासानं मागचे लोक एकमेकांकडे बघून, कर्तव्य असल्यासारखे हसत होते. पुढची पोरं तेही करेनात. ती आधी जांभया देत होती, मग शिट्ट्या मारू लागली. "पैसे परत द्या!" असं कुणीतरी ओरडलं, तेव्हा मात्र टॉकीज हसलं. सिनेमापेक्षा तोच विनोद बरा होता.

रामलिंग दिसला तो पाऊण तासानं. येळंबीनं टाळ्या वाजवल्या. त्यानं तोंड उघडलं आणि टाळ्या मधेच थांबल्या. आवाज त्याचा नव्हता. कुणा शहरी माणसानं नाकातून काढलेली, खेडवळ म्हणून खेडवळ केलेली किणकिणी होती ती. रामलिंगचे ओठ एक म्हणत होते आणि कानावर भलतंच येत होतं.

"आवाज कुनाचा ह्यो?" आप्पासाहेब मोठ्यानं म्हणाले. "ए रामलिंग, तुझा आवाज कुटं गेला?"

रामलिंगला हे ठाऊक नव्हतं, हे सिंधुला त्याच्या हातावरून कळलं. हात मांडीवर पालथा पडला होता.

मध्यंतरात उर्वीनं वर्षाराणीला म्हटलं, "तुझे बाबा छान करतात गं. पिच्चरच जरा..." आणि ती थांबली. वर्षाराणी चिवड्याच्या पुडीत बघत राहिली.

मध्यंतरानंतर हिरो सासुरवाडीला येतो, असा भाग होता. पडद्यावर जुनं येळंबी आलं. मागच्या रांगांत एकदम खुसफुस झाली. "ती सोनाराची भिंत." "आरं, ही तर आपली चावडी." सिंधुनं अकरा वर्षांत पहिल्यांदा ते गाव बघितलं, तेही असं, अंधारात खुर्चीवर बसून. हिरो घराच्या खांबाला टेकून उभा राहिला. खांब हलला. हिरोनं मान वेळावून कॅमेऱ्याकडं बघितलं. मग वरून ढोलाचा आवाज झाला आणि घर पडलं. सगळं पडदाभर धूळ.

मागं कुणी श्वास सोडला नाही. पुढं पोरं शिट्ट्या मारत होती.

धूळ बसली. दगडांचा ढीग दिसला. एक बाई, सासूचं काम करणारी, धावत आली आणि हातांनी दगड बाजूला फेकू लागली. ढिगातून एक चेहरा वर आला. पांढरा. भुवया, पापण्या, ओठ, सगळं धुळीनं पांढरं. रामलिंग होता तो. त्यानं डोळे उघडले, इकडंतिकडं बघितलं आणि अगदी साध्या, झोपेतल्या आवाजात विचारलं,

"पोरगी उठली का?"

आवाज त्याचाच होता. एवढं एकच वाक्य त्यांनी त्याच्या आवाजात ठेवलं होतं.

आणि टॉकीज फुटलं. दोन तास सिनेमातल्या एकाही विनोदाला न हसलेली ती सगळी पोरं अशी हसली की बाक वाजले. एवढं अख्खं घर कोसळलं, अन् हा म्हणतो पोरगी उठली का! पडद्यावरची बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हाव, उठली! तुमीच या आता भाईर!" पोरं अजून हसली. बाईनं त्याच्या तोंडावर बादलीभर पाणी ओतलं. कुणी बाकावर उभं राहून टाळ्या वाजवल्या. वर्षाराणीही हसली. आनंदानं तिनं आईचा दंड धरला. "आई, बघ! बाबांना हसले सगळे!"

सिंधुचा दंड दगडासारखा झाला होता.

कारण पडद्यावरची ती बाई म्हणजे सिंधुच होती. त्या पहाटे गावभर कल्लोळ चालू असताना सिंधुनं नखं तुटेस्तोवर दगड उपसले होते. रामलिंगचा चेहरा असाच वर आला होता. पांढरा. आणि त्यानं अशाच आवाजात विचारलं होतं, "नागू उठली का?" आणि सिंधु म्हणाली होती, "हाव, उठली. तुमी भाईर या." नंतर तिघांनी त्याला काखेत धरून ओढलं. तो निघाला तसा मागचा ढीग खचला. नागू त्याच ढिगात होती. तिला संध्याकाळी काढलं.

हे दोघांखेरीज कुणालाच माहीत नव्हतं. दोघंही कधी बोलले नव्हते.

सिनेमा कसा संपला ते सिंधुनं बघितलं नाही. पडद्याकडं तोंड करून बसली होती, एवढंच. बाहेर उन्हात आल्यावर येळंबीची माणसं एकमेकांची नजर चुकवत होती. आप्पासाहेब रामलिंगजवळ आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि जीपमध्ये जाऊन बसले. दोन पोरं रामलिंगला ओळखून पुढं आली. "काका, एकदा म्हणा ना!" रामलिंग त्यांच्याकडं बघत राहिला. सिंधु त्याच्या दंडाला धरून त्याला घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी दोघं मुगाच्या शेंगा तोडायला गेले. उन्हं डोक्यावर येईपर्यंत दोन तासांमध्ये दोघांनी दोन सऱ्या संपवल्या. लिंबाखाली भाकरी सोडली तेव्हा सिंधुनंच विचारलं.

"कुनी सांगितलं म्हनायला?"

"कुनी न्हाई." रामलिंगनं भाकरी हातातच धरली होती. "त्यांचं लिवलेलं दुसरंच व्हतं. आठ येळा केलं. कुनाला हसू येईना. राघवेंद्र वैतागला. मला परत पुरलं, वरून माती टाकली. डोळे मिटले. अन् भाईर आलाव तर तेच निघालं तोंडातून."

"नागूचं नाव तरी घेतलं न्हाई, एवढी मेहेरबानी केली."

"राघवेंद्र म्हनाला, नाव नको. पोरगी म्हना."

म्हणजे आधी त्यानं नावही घेतलं होतं.

"अन् तिचं? त्या बाईचं?"

रामलिंगनं भाकरीचा तुकडा मोडला.

"ती जे बोलली, ते कुनी सांगितलं?"

"त्यानं विचारलं, मग बायको काय म्हनंल. मी सांगितलं."

"मी काय म्हनले ते सांगितलं."

"हाव."

वरून पोपटांचा थवा कलकलत गेला. रामलिंगनं भाकरी खाली ठेवली. "ते सगळे हसले, सिंधु," तो म्हणाला. "कॅमेरावाला खाली बसला हसून. राघवेंद्रनं मिठी मारली. अन् खरं सांगतो, मला बरं वाटलं. छातीवरचा एक धोंडा उचलल्यागत झालं. घरी आलाव तर तुझं तोंड बघवेना."

सिंधुला वाटलं, उठून त्याच्या थोबाडीत मारावी. पण तो पुढं बोलला, तिच्याकडं न बघता.

"अकरा वर्सं एकच डोक्यात हाय. मी तिचा हात धरला व्हता. आत. अंधारात. तू म्हनलीस उठली, म्हून मी सोडला. सोडताना तिची बोटं हलल्यागत वाटलं मला."

हे असं काही त्याच्या आत असेल, हे सिंधुला कधी सुचलंच नव्हतं. तिला वाटायचं, तो तिच्या खोटं बोलण्यावर रागावलाय. तेवढंच.

"ती गेली व्हती आदीच," ती म्हणाली. "तुमचं तोंड दिसायच्या आदी मला तिचा पाय लागला. वाळ्याचा. गार पडला व्हता. तुमी तिला धरून आतच ऱ्हायला असता. वरची भिंत यायलाच लागली व्हती. म्हून बोलले तसं."

"गार व्हता?"

"हाव."

"मग सांगितलं का न्हाईस? अकरा वर्सं?"

"तुमी विचारलं न्हाई."

रामलिंगनं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. मग लहान पोरासारखं त्यानं पुन्हा विचारलं, "नक्की गेली व्हती?"

सिंधुनं पाऊल धरलं होतं. एक पाऊल फक्त. पहाटेचा गारठा होता, पाऊस पडून गेलेला, दगडही गार होते, तिचे स्वतःचे हातही गार होते. छातीला कान लावायला वेळ कुठं होता. एवढंच तिला माहीत होतं, आणि त्याच्या पलीकडचं तिनं स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

"हाव," ती म्हणाली. "नक्की."

रामलिंग त्या लिंबाखाली ओक्साबोक्शी रडला. त्यानं नागूच्या मातीला रडायला पाहिजे होतं, ते आता रडला. सिंधुनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. तिच्या डोळ्यांत टिपूस आलं नाही. त्याचा धोंडा उतरला होता. तो कुठं गेला ते तिला कळत होतं.

सिनेमा चौथ्या दिवशी उतरला. लातुरातून नाही, सगळीकडूनच. राघवेंद्रचा पुन्हा फोन आला नाही. पण ते वाक्य मात्र उतरेना. क्लासच्या पोरांनी ते उचललं. कुणी बाकावर पेंगलं की मागून कुणीतरी म्हणायचं, "पोरगी उठली का?" मेसमध्ये, एसटी स्टँडवर, झेरॉक्सच्या दुकानात. उद्धव सरांनाही ते आवडलं. सकाळी सहाच्या बॅचला निम्मी पोरं झोपेत असायची, सर खडू फेकून तेच विचारायचे आणि तीनशे पोरं ओरडायची, "हाव, उठली!"

पोळ्याला वर्षाराणी घरी आली. बापाचं काम आता कुणी विसरत नाही, याचा तिला आनंद झाला होता. रामलिंग बैल धुऊन आला आणि ओसरीवर लवंडला. ती त्याच्याजवळ जाऊन वाकली आणि पोरांसारखाच आवाज काढून म्हणाली, "पोरगी उठली का?"

सिंधु चुलीपुढून उठली, बाहेर आली आणि तिनं वर्षाराणीच्या कानाखाली लावली. सतरा वर्षांच्या पोरीला तिनं त्याआधी कधी हात लावला नव्हता.

"आई!"

"पुन्हा म्हनू नको."

"पण काय केलं मी?"

मग सांगावं लागलं. रामलिंग बैलांना झूल घालायच्या निमित्तानं बाहेर गेला. सिंधुनं चुलीजवळ बसून सांगितलं, वाक्य कुणाचं होतं, कुठलं होतं, पोरगी म्हणजे कोण. तिनं स्वतः दिलेलं उत्तर तेवढं सांगितलं नाही. वर्षाराणी ऐकत राहिली. तिचा गाल लाल होता आणि हळूहळू बाकीचा चेहरा पांढरा पडत गेला.

"मी हसले होते," ती म्हणाली. "आई, मी होस्टेलमध्ये रोज करून दाखवते."

"तुला काय माहीत व्हतं."

त्या सणाला पुरणाला कुणी हात लावला नाही.

वर्षाराणी परत गेली, पण पंधरा दिवसांत तिचा फोन आला. सकाळच्या बॅचला जात नाही म्हणाली. दुपारच्याही नाही. रामलिंग त्याच दिवशी पांढरा सदरा घालून लातूरला गेला. सिंधुही गेली. उद्धव सर क्लासच्या जिन्यावर भेटले. पोटापाण्याला लागलेला, कामसू माणूस, हाताला खडू लागलेला. रामलिंगला ओळखल्याबरोबर त्यांचा चेहरा खुलला. रामलिंगनं चार वाक्यांत सांगितलं. सरांनी चष्मा काढला. खडूच्या हातानंच डोळे पुसले.

"माफ करा मला," ते म्हणाले. "मला कल्पना नव्हती. मी पोरांना सांगतो. आता एकही मुलगा म्हणणार नाही."

आणि त्यांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सहाच्या बॅचला वर्षाराणी कशीबशी येऊन बसली होती. सरांनी शिकवणं थांबवून भूकंप काय होता, वर्षाराणीची बहीण कशी गेली, सगळं तीनशे पोरांना सांगितलं. तीनशे माना वळल्या. वर्षाराणीला वाटलं, बाक फाटून आत जावं. त्या दिवसापासून ते वाक्य बंद झालं खरं. पण ती खोलीत आली की बोलणं बंद व्हायचं. मेसवाली तिला पोळी जास्त वाढू लागली. ज्यांच्याशी तिचं कधी बोलणं नव्हतं त्या पोरी येऊन तिचा हात दाबायच्या. चेष्टा परवडली असती, असं तिनं उर्वीला सांगितलं. उर्वीनं त्याचंही वाईट वाटून घेतलं.

पुढल्या उन्हाळ्यात निकाल लागला. मेडिकल काही मिळालं नाही. नुसत्या त्या प्रकरणानं असं म्हणणं खोटं होईल. फिजिक्स तिचं आधीपासून कच्चं होतं. नांदेडला बीएस्सीला नंबर लागला. त्याच जूनमध्ये लातुरात नवी बॅच आली, नवी पोरं, नवे आकडे भिंतीवर. त्यांना 'डुलकीपूरचा जावई' नावाचा सिनेमा आला होता हेही माहीत नव्हतं.

तिला नांदेडच्या गाडीत बसवून द्यायला दोघं लातूरच्या स्टँडवर आले होते. गाडीला उशीर होता. तिघं ट्रंकेवर आणि पिशव्यांवर बसली. वर्षाराणी बराच वेळ चपलेच्या अंगठ्यानं फरशी घासत होती. मग म्हणाली,

"मला नागू आठवतच नाही. चेहरा आठवतो थोडा. आवाज नाही. कशी बोलायची ती?"

सिंधु सांगू लागली, की र म्हणता यायचा नाही, की आजीच्या पाठीवर बसून... आणि तिला पुढं सांगता येईना. आवाज कसा सांगायचा?

रामलिंग खाली बघत बसला होता. त्यानं मान वर केली नाही. पण त्याच्या गळ्यातून, पन्नाशीला आलेल्या, दाढीचे खुंट वाढलेल्या माणसाच्या गळ्यातून, चार वर्षांची पोर बोलली. "आज्जे, मला पन ने की ग शेताला. मी न्हाई लडनाल." तोच जरा घोगरा, झोपेतून उठल्यासारखा आवाज. शेवटी किंचित वर जाणारा.

पलीकडच्या बाकावरचा माणूस चमकून पोर शोधू लागला.

सिंधुनं डोळे मिटले. ऊन होतं, डिझेलचा वास होता, हमाल ओरडत होते. वर्षाराणीनं बापाचा हात धरला.

"नांदेड, नांदेड, अहमदपूर, लोहा, नांदेड!" कंडक्टर ओरडला. रामलिंग उठला आणि ट्रंक खांद्यावर घेऊन गाडीच्या मागच्या शिडीकडं गेला. सिंधुनं डबा, पाण्याची बाटली, शेंगदाण्याची पुडी पोरीच्या हातात दिली. तिला खिडकीची जागा मिळाली. गाडी हलेपर्यंत दोघं खाली उभी होती, आणि गाडी वळून दिसेनाशी झाली तरी थोडा वेळ उभीच होती.

"चला," सिंधु म्हणाली. "आपली औशाची गाडी लागली असंल."